जुन्या ध्वनिमुद्रणांतले पियानो कॉन्चेर्टो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी रेकॉर्डिंग ऐकता ऐकता पियानो कॉन्चेर्टोच्या नादी लागलेली माणसं मला बऱ्याच वर्षांपासून प्रश्न पाठवतात, आणि त्यातले निम्मे तरी तेच ते असतात. ते एकदाचे एका ठिकाणी मांडते आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं माझी, तेव्हा आवडीनिवडीही माझ्याच.

१. कॉन्चेर्टो म्हणजे नेमकं काय? सिम्फनीत आणि त्यात फरक काय?

सिम्फनी अख्ख्या वाद्यवृंदाची असते. कॉन्चेर्टोत एक वादक पुढे येऊन बसतो आणि बाकीच्यांशी त्याचं बोलणं, भांडण, समजूत असं सगळं चालतं. बहुतेक कॉन्चेर्टोंना तीन भाग असतात: पहिला लांबलचक आणि भारदस्त, दुसरा संथ, तिसरा चपळ. अपवाद आहेतच; ब्राम्सच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोला चार भाग आहेत.

‘पुढे पियानो, मागे साथ’ असं चित्र डोक्यात असेल तर ते काढून टाका. रखमानिनॉफच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोची सुरुवात पियानो एकट्याने करतो. घंटानादासारखे कॉर्ड (एकाच वेळी दाबलेले अनेक स्वर), प्रत्येक आधीच्याहून मोठा. आता हा मुख्य धून वाजवणार असं वाटतं, तेवढ्यात ती धून तंतुवाद्यं उचलतात आणि आपला नायक खाली भराभर साथ करत बसतो! कोण कोणाला साथ देतंय हे सारखं बदलत राहतं, आणि कान एकदा त्या अदलाबदलीवर गेला की सुटका नाही.

२. मला पाश्चात्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. सुरुवात कुठून करू?

बेथोव्हेनचा चौथा कॉन्चेर्टो, आणि त्यातला फक्त मधला भाग. जेमतेम पाच मिनिटांचा आहे. तंतुवाद्यं सगळी मिळून एका सुरात दरडावतात. पियानो अगदी खालच्या आवाजात उत्तर देतो. ती पुन्हा दरडावतात, हा पुन्हा तसाच शांत. त्या दरडावण्याला तो आवाज चढवून उत्तर देत नाही, आपलं म्हणणंही सोडत नाही. हळूहळू दरडावणाऱ्यांचाच आवाज उतरत जातो, वाक्यं तोकडी होतात, आणि शेवटी तीही कुजबुजायला लागतात. यात कळण्यासारखं काही नाही. घरात असं भांडण ऐकलेल्या कोणालाही ते समजतं.

मग पूर्ण कॉन्चेर्टो ऐका. त्या काळी सुरुवात वाद्यवृंदाने करायची आणि वादकाने आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, अशी रीत होती. इथे पहिली पाच मापं (तालाची आवर्तनं म्हणा) पियानो एकटाच वाजवतो, तीही हळुवार, आणि वाद्यवृंद भलत्याच स्वरपट्टीत उत्तर देतो. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात बेथोव्हेनने तो स्वतः लोकांसमोर वाजवला. थंडगार नाट्यगृहात चारेक तास चाललेल्या कार्यक्रमात पाचवी आणि सहावी सिम्फनीही पहिल्यांदाच सादर झाली.

त्यानंतर ग्रीग, शूमान, चायकोव्हस्कीचा पहिला. मोझार्टला थोडं थांबू द्या. सोपा समजून लोक आधी त्याच्याकडे जातात आणि ‘गोड आहे’ म्हणून सोडून देतात. जायचंच असेल तर विसाव्या, डी मायनर कॉन्चेर्टोपासून सुरू करा. त्यात गोडवा नंतर येतो, अस्वस्थता आधी.

३. नावापुढचे क्रमांक, ओपस, ‘के.’ हे सगळं पाठ करावं लागतं का?

नाही. ओपस हा प्रकाशनाचा अनुक्रमांक, आणि ‘के.’ म्हणजे मोझार्टच्या रचनांची सूची करणाऱ्या कोखेलचं आद्याक्षर. शोधताना मात्र ते आकडे उपयोगी पडतात. मोझार्टच्या नावावर क्रमांक दिलेले २७ कॉन्चेर्टो आहेत, आणि ‘मोझार्ट पियानो कॉन्चेर्टो’ एवढंच लिहून शोधलंत तर भलताच हाती येईल. ‘के. ४६६’ म्हटलं की डी मायनरच.

४. स्वच्छ, नवी रेकॉर्डिंग मिळत असताना ही खरखरणारी कशाला ऐकायची?

एक कारण परंपरेचं. आर्थर श्नाबेल हा लेशेटिट्स्कीचा शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नीचा, आणि चेर्नी बेथोव्हेनचा. या श्नाबेलने बेथोव्हेनचे पाचही कॉन्चेर्टो १९३२ ते १९३५ या काळात लंडनमध्ये संचालक (वाद्यवृंदाला हाताने इशारे देत चालवणारा) माल्कम सार्जंटबरोबर ध्वनिमुद्रित केले. लिस्टचे दोन्ही कॉन्चेर्टो १९३८ मध्ये मुद्रित झाले तेव्हा पियानोवर एमिल फॉन साउअर होता आणि संचालक होता फेलिक्स वाइनगार्टनर. दोघेही सत्तरी ओलांडलेले, दोघेही प्रत्यक्ष लिस्टकडे शिकलेले. गुरुशिष्यपरंपरा मानणाऱ्या कानांना याचं मोल वेगळं सांगायला नको. अर्थात लिस्टकडे शिकला म्हणून तो लिस्टसारखाच वाजवतो असं नाही, हेही त्याच कानांना माहीत असतं.

दुसरं कारण मला जास्त पटतं. त्या काळच्या वादकांनी एकमेकांना आजच्याइतकं ऐकलेलंच नव्हतं. गावोगावची, गुरूगुरूची वळणं वेगळी राहिली होती. आज पंचवीस वर्षांच्या कुठल्याही वादकाने रखमानिनॉफचा तिसरा पन्नास जणांचा ऐकलेला असतो. होरोविट्झने तो १९३० मध्ये अल्बर्ट कोट्सबरोबर मुद्रित केला तेव्हा नक्कल करायला समोर तबकडीच नव्हती. ते वाजवणं ऐका. कुठल्याच वळणावर ‘इथे असंच करतात’ असा सूर नाही.

५. ‘जुनं’ म्हणजे किती जुनं?

मी ढोबळ मानाने चार टप्पे धरते. १९२५ पूर्वीचा भोंग्याचा काळ: मायक्रोफोन नाही, सगळ्यांनी एका भोंग्यासमोर दाटीवाटीने बसून वाजवायचं. वाद्यवृंद छोटा केलेला, डबल बासचा आवाज भोंग्यात जात नाही म्हणून त्याच्या जागी ट्यूबा हे फुंकून वाजवायचं मोठं पितळी वाद्य. बाखाउसने १९०९ मध्ये ग्रीगचा कॉन्चेर्टो असाच, पण भरपूर काटछाट करून मुद्रित केला. कुतूहल म्हणून ऐकावा. प्रेमात पडण्याची ती जागा नाही.

१९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि पियानो पियानोसारखा वाजू लागला. मग १९४० च्या दशकात चुंबकीय फीत (टेप) आणि १९४८ पासून एलपी, आणि १९५८ पासून स्टीरिओ एलपी बाजारात. माझं मन १९२९ ते १९६० या पट्ट्यात रमतं. नवख्यांनी उलटं यावं हे बरं: १९६० च्या आसपासपासून सुरू करून एकेक दशक मागे सरका. कान आपोआप तयार होतो.

६. खरखर सहनच होत नाही. काही उपाय?

पहिली तीन मिनिटं सोसा. चेष्टा नाही, पावसात पत्र्याच्या छपराखाली बोलताना जे होतं तेच इथे होतं. सुरुवातीला फक्त पाऊस ऐकू येतो, मग समोरचा माणूस. हेडफोनपेक्षा खोलीतले स्पीकर बरे, कारण हेडफोनमध्ये खरखर थेट कानात येऊन बसते. आवाज मात्र थोडा वाढवा. लोक खरखरीला घाबरून आवाज कमी करतात, आणि मग संगीत कमी होतं, खरखर तेवढीच राहते.

खरखर पूर्ण पुसलेल्या आवृत्तीच्या मोहात पडू नका. पियानोच्या स्वराचा वरचा चमकता भाग आणि खरखर एकाच पट्ट्यात असतात. एक काढायला गेलं की दुसरं जातं आणि पियानो गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतो (प्रश्न १४ पाहा).

७. तबकडीची एक बाजू चार मिनिटांची आणि कॉन्चेर्टो अर्ध्या तासाचा. मग वाजवायचे कसे?

तुकड्यातुकड्यांनी. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार-साडेचार मिनिटं मावत. वादक आणि वाद्यवृंद तेवढं वाजवून थांबत, नवी मेणाची चकती लावली जाई, मग पुढचं. म्हणजे चढत जाणारा आवेश मध्येच तोडायचा आणि काही वेळाने तिथूनच, त्याच लयीत, त्याच तावात उचलायचा. कॉन्चेर्टोला चार-पाच तबकड्या लागत, आणि त्या वहीसारख्या बांधलेल्या पाकिटांच्या संचात विकल्या जात. ‘अल्बम’ हा शब्द तिथला.

आज आपण ऐकतो त्या आवृत्त्यांत हे सांधे जोडलेले असतात, पण लक्ष दिलं तर कळतात. दर चार मिनिटांनी खरखरीचा पोत किंचित बदलतो. काही वेळा बाजू संपताना लय जरा रेंगाळते, जणू पूर्णविराम द्यावा म्हणून. तो वादकाचा विचार असेलच असं नाही, चकतीची मर्यादाही असू शकते. जुन्या रेकॉर्डिंगवर ‘इथे लय का मोडली’ असं पांडित्य करण्यापूर्वी घड्याळ पाहावं.

८. जुना संच मिळाला, पण बाजू १ च्या पाठीला २ नाही, ८ आहे. छपाईची चूक का?

चूक नाही. हा संच आपोआप तबकड्या बदलणाऱ्या यंत्रासाठी आहे. चार तबकड्या एकावर एक रचायच्या. यंत्र १, २, ३, ४ अशा बाजू वाजवत एकेक खाली सोडतं. मग गठ्ठा तसाच उलटा केला की ५, ६, ७, ८. म्हणून जोड्या १-८, २-७, ३-६, ४-५ अशा. हाताने वाजवणाऱ्याला मात्र सारखं उठबस.

९. पहिला भाग संपत आला की वाद्यवृंद गप्प होतो आणि पियानो एकटाच सुटतो. ते काय असतं?

कॅडेन्झा. मुळात ही वादकाने आयत्या वेळी स्वतःच्या मनाने वाजवायची जागा. शेवटाला एक लांब ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची भराभर अदलाबदल) आली की समजावं, वाद्यवृंद परत येतोय. पुढे संगीतकार कॅडेन्झा लिहूनच द्यायला लागले. मोझार्टच्या के. ४६६ साठी त्याची स्वतःची कॅडेन्झा उरलेली नाही. बहुतेक जण बेथोव्हेनने लिहिलेली वाजवतात. म्हणजे ऐकता ऐकता दोन मिनिटं घरमालक बदलतो, आणि ते कळतंही.

रखमानिनॉफच्या तिसऱ्यात त्याने स्वतःच दोन पर्याय दिले आहेत: एक हलकी, चपळ, दुसरी वजनदार, कॉर्डांनी भरलेली. रखमानिनॉफ आणि होरोविट्झ हलकी वाजवत. व्हॅन क्लायबर्नने वजनदार निवडली. तुमच्या दोन रेकॉर्डिंगमध्ये पहिल्या भागाचा हा तुकडा वेगळाच लागत असेल तर गोंधळू नका.

१०. इतक्या मोठ्या वादकाच्या रेकॉर्डिंगमध्ये चक्क चुकीचे स्वर ऐकू येतात. मलाच तसं वाटतंय का?

नाही, ते चुकीचेच आहेत. मेणावर कोरलेलं कापून जोडता येत नसे. एक स्वर हुकला तर अख्खी बाजू पुन्हा वाजवायची, नाहीतर तशीच ठेवायची. कॉर्टोचा शूमान (१९३४) आणि शोपाँचा दुसरा (१९३५) ऐका, श्नाबेल ऐका, शिंतोडे भरपूर. फीत आल्यावर दहा वेळा वाजवून त्यातलं चांगलं चांगलं जोडायची सोय झाली आणि चुका नाहीशा झाल्या.

मला स्वतःला कॉर्टोचे हुकलेले स्वर खटकत नाहीत, कारण बरोबर लागलेले स्वर कुठे चालले आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण ‘चुका म्हणजेच जिवंतपणा’ हे जे काही लोक डोळे मिटून सांगतात, तेही मला पटत नाही. लिपाटीचा १९४८ चा शूमान जवळजवळ निर्दोष आहे आणि त्याच्याइतका जिवंत दुसरा मला सापडलेला नाही.

११. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिनं एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, आणि पियानोवाल्याचे दोन्ही हात एकत्र पडत नाहीत. हे बेसूर, बेताल नाही का?

दोन्ही जाणूनबुजून. व्हायोलिनचं घसरणं म्हणजे आपल्या कानांना ओळखीची मींडच. १९३० च्या दशकापर्यंत वाद्यवृंदांत ती सर्रास होती, मग ती ‘जुनाट’ ठरली आणि स्वच्छ उडी मारायची पद्धत आली. डावा हात किंचित आधी, उजवा किंचित नंतर, हीदेखील तेव्हाची अदाकारी होती. धून खालच्या स्वरांपासून सुटून वर तरंगते. मींड ऐकून वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागत नाही. अडचण त्यांना, ज्यांनी आधी फक्त आजची रेकॉर्डिंग ऐकली आहेत.

१२. रचनाकाराने स्वतः वाजवलेलं रेकॉर्डिंग असेल तर तोच अंतिम शब्द ना?

अंतिम नाही, पण त्यावाचून पुढे जाऊ नये. रखमानिनॉफने आपला दुसरा कॉन्चेर्टो १९२९ मध्ये स्टोकोव्स्की आणि फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर मुद्रित केला. ज्या धुनांवर आज लोक उसासे टाकत रेंगाळतात, तिथून तो ताठ मानेने पुढे निघून जातो. उमाळा संगीतात आहे, वादकाने वर आणखी ओतायची गरज नाही, असं जणू तो दाखवतो. तिसऱ्या कॉन्चेर्टोत मात्र (ऑर्मांडीबरोबर, १९३९-४०) त्याने स्वतःच्याच रचनेत काटछाट केली आहे. आज बहुतेक वादक ती मानत नाहीत, पूर्ण वाजवतात. मग अंतिम शब्द कोणाचा? छापलेल्या रखमानिनॉफचा की वाजवणाऱ्या रखमानिनॉफचा?

प्रोकोफिएव्हने आपला तिसरा १९३२ मध्ये लंडनमध्ये वाजवला. लोखंडी हातांचा म्हणून ख्याती असलेला हा माणूस मध्ये मध्ये किती मऊ वाजवतो ते ऐकण्यासारखं आहे. आणि मेटनरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लंडनमध्ये आजारी, विस्मरणात गेलेल्या या रशियन संगीतकाराच्या मागे म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार उभे राहिले. त्यांच्या पैशातून मेटनरचे तिन्ही पियानो कॉन्चेर्टो १९४७ मध्ये त्याच्याच हातून मुद्रित झाले. तिसरा त्याने महाराजांनाच अर्पण केला आहे.

१३. एकाच कॉन्चेर्टोची शेकड्याने रेकॉर्डिंग आहेत. कुठलं घ्यावं?

एक नव्हे, दोन घ्या, आणि एकमेकांच्या विरुद्ध घ्या. शंभर कॉन्चेर्टो एकेकदा ऐकण्यापेक्षा एक कॉन्चेर्टो दहा हातांनी ऐकला की जास्त हाती लागतं. चायकोव्हस्कीचा पहिला होरोविट्झने सासरे तोस्कानिनींबरोबर २५ एप्रिल १९४३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये वाजवला. युद्धरोख्यांसाठीचा जलसा होता आणि शेवटी शेवटी तर कोणीतरी मागे लागल्यासारखे दोघे धावतात. लगेच व्हॅन क्लायबर्न ऐका. १९५८ मध्ये, तेविसाव्या वर्षी, मॉस्कोची पहिली चायकोव्हस्की स्पर्धा जिंकून आल्यावर त्याने तो कोंद्राशिनबरोबर मुद्रित केला. तीच पानं, पण हा गातो, ऐसपैस.

बाकीच्यांसाठी माझी आवड, वादाला वाव ठेवून. ग्रीग: लिपाटी, १९४७. मोझार्ट के. ४६६: एडविन फिशर, १९३३, पियानोवर बसूनच संचालन, आणि क्लारा हास्किल, नोव्हेंबर १९६०. हास्किल त्यानंतर महिनाभरातच गेली. हे माहीत असल्यावर ते रेकॉर्डिंग वेगळं ऐकू येतं, म्हणून आधी ऐका, मग आठवा. रावेलचा जी मेजर: मिकेलान्जेली, १९५७. त्याच्या मधल्या भागाची सुरुवात पियानो कितीतरी वेळ एकट्याने करतो, आणि एवढं लांब वाक्य कुठेही न मोडता कसं बोलावं हे त्याच्याकडून शिकावं.

१४. एकच रेकॉर्डिंग पाच कंपन्यांच्या आवृत्त्यांत आहे. फरक पडतो का?

खूप. वादकाइतकाच. मूळ धातूच्या साच्यांवरून की जुन्या तबकडीवरून घेतलंय, खरखर किती काढलीय, सांधे कसे जोडलेत, यावर सगळं ठरतं. साधी कसोटी: एखादा लांब स्वर विझताना ऐका. तो शेवटपर्यंत खरखरीत विरत गेला तर आवृत्ती चांगली. मध्येच कापल्यासारखा शांत झाला तर यंत्राने जास्त पुसलंय.

आणि एक सापळा. १९६० च्या दशकात जुन्या मोनो रेकॉर्डिंगना कृत्रिम स्टीरिओ करून विकायची टूम निघाली होती: खर्ज एका बाजूला, तार दुसरीकडे, वर गुहेतल्यासारखा घुमारा. असं काही हाती लागलं तर बाजूला ठेवा. मोनो दोन स्पीकरवर उत्तम वाजतं.

स्टीरिओ म्हटलं की नवंच असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बर्लिनमध्ये गीझेकिंगने बेथोव्हेनचा पाचवा फितीवर वाजवला, तो खऱ्या स्टीरिओत आहे. शांत जागांमध्ये लांबून विमानविरोधी तोफांचे धमाके ऐकू येतात. स्पीकर बिघडला असं वाटून मी एकदा वायर तपासत बसले होते.

१५. माझ्या हार्मोनियमवर ताडून पाहिलं तर रेकॉर्डिंग अर्धा स्वर चढं आहे. असं कसं?

बहुधा वेगाची चूक. ‘७८ फेऱ्यांची’ तबकडी दर वेळी नेमक्या ७८ फेऱ्यांवर कोरलेली नसे. सुमारे सहा टक्के वेग वाढला की अर्धा स्वर चढतो, आणि वादक उगाचच चपळ वाटतो. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर कोरलेली तबकडी ७८ वर वाजवली की काम झालं. ए मायनरचा ग्रीग बी फ्लॅट मायनरमध्ये लागला तर दोष आवृत्तीचा. फरक अर्ध्या स्वराहून बराच कमी असेल तर मात्र सोडून द्या. तेव्हाचे सगळे पियानो आजच्या पट्टीत लावलेले नव्हते.

१६. १९०६ मध्ये ग्रीगने स्वतः वाजवलेलं अगदी स्वच्छ ऐकायला मिळतं. हे कसं शक्य आहे?

ते बहुधा पियानो रोल आहे. कागदाच्या गुंडाळीवरच्या भोकांत कुठला स्वर कधी दाबला ते नोंदलं जाई, आणि आज तो रोल नव्या पियानोवर चालवून मुद्रित करतात. म्हणजे आवाज आजचा, बोटांचा हिशेब तेव्हाचा. स्वराचं वजन आणि पेडल यांची नोंद कितपत खरी, यावर वाद आहेत. मी ते छायाचित्रावरून काढलेल्या चित्रासारखं मानते.

१७. तबकडीवर छापलेलं नाव चुकीचं असू शकतं का?

असू शकतं, आणि मोठमोठे फसले आहेत. रावेलच्या जी मेजर कॉन्चेर्टोचं १९३२ चं मार्गरित लाँगचं रेकॉर्डिंग ‘संचालन: रावेल’ म्हणून विकलं गेलं, प्रत्यक्षात संचालन पेद्रो द फ्रैतास ब्रांकोने केलं होतं, रावेल देखरेखीला हजर होता.

त्याहून गमतीची गोष्ट शोपाँच्या पहिल्या कॉन्चेर्टोची. लिपाटीच्या मृत्यूनंतर पंधराएक वर्षांनी त्याच्या नावाने एक रेकॉर्डिंग निघालं आणि जाणकारांनी ‘ही लिपाटीचीच बोटं’ म्हणून वाखाणलं. १९८१ मध्ये उघड झालं की ती बोटं पोलंडच्या हालिना चेर्नी-स्टेफान्स्काची होती. तिचं रेकॉर्डिंग आधीपासून बाजारात होतंच! मग लिपाटीचं खरं रेकॉर्डिंगही सापडलं. मी या गोष्टीतून एक सवय लावून घेतली: नव्या रेकॉर्डिंगचं नाव न बघता आधी ऐकायचं, मग वेष्टन वाचायचं. माझी स्वतःची फजिती किती वेळा झाली ते इथे सांगत नाही.

१८. वादक आणि संचालक यांचं पटलं नाही तर?

एरवी ते आतल्या आत मिटतं. ६ एप्रिल १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये मिटलं नाही. ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो ग्लेन गूल्डला फारच संथ वाजवायचा होता. संचालक लेनर्ड बर्नस्टाइनने सुरुवातीला श्रोत्यांसमोर येऊन सांगितलं की ही कल्पना मला पटलेली नाही, पण वादक इतका गंभीर आहे की मी साथ देतोय. ते भाषण आणि तो पन्नास मिनिटांवर गेलेला कॉन्चेर्टो दोन्ही ऐकायला मिळतात. पहिला भाग मला ओढाताणीचा वाटतो. संथ भागात गूल्ड बरोबर होता असं वाटू लागतं.

१९. माळ्यावर जुन्या तबकड्या सापडल्या. घरच्या प्लेअरवर लावून पाहू का?

थांबा. एलपीची सुई ७८ वर लावू नका. ७८ ची खाच सुमारे तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाला घासत जाते, आवाज घाणेरडा येतो आणि सुईही जाते. वेगळी सुई आणि ७८ चा वेग, दोन्ही लागतात.

पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोलचा थेंबही नको. या तबकड्यांत लाख असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. मऊ कापड, किंचित साबणाचं पाणी, मधल्या कागदाला न भिजवता, आणि लगेच कोरडं करायचं. त्या काचेसारख्या फुटतात, म्हणून एकावर एक आडव्या न रचता उभ्या ठेवा. संचातला क्रम उलटासुलटा वाटला तर प्रश्न ८ पाहा.

२०. इतकी जुनी रेकॉर्डिंग फुकट उतरवून घेतली तर चालतं ना?

देशागणिक वेगळं. युरोपीय संघात १९६३ पूर्वी प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणं सामान्यतः मुक्त आहेत. अमेरिकेत १९२३ पूर्वीची १ जानेवारी २०२२ ला मुक्त झाली आणि पुढची वर्षावर्षाने होत आहेत. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी. बेथोव्हेन मुक्त आहे म्हणून त्याचं प्रत्येक रेकॉर्डिंग मुक्त होत नाही.

२१. मी ज्या रेकॉर्डिंगवर हा कॉन्चेर्टो पहिल्यांदा ऐकला, तेच मला बरोबर वाटतं. बाकी सगळे चुकतात असं वाटतं. हा कानाचा दोष आहे का?

असेल तर मलाही आहे. माझी सुरुवात नाव न लिहिलेल्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटने झाली. एका बाजूला रखमानिनॉफचा दुसरा भरला होता, पण बाजू तीस मिनिटांची आणि कॉन्चेर्टो त्याहून मोठा. तिसऱ्या भागात शेवटची चढण सुरू होते, आता ती मोठी धून पूर्ण वाद्यवृंदात फुटणार, आणि तेवढ्यात खट. दुसऱ्या बाजूला भलतंच काहीतरी होतं. दोनेक वर्षं माझ्यासाठी तो कॉन्चेर्टो तिथेच संपत होता, आणि मला तो शेवट धाडसी वाटायचा.

पुढे पूर्ण ऐकला तेव्हा ती धून आली आणि मी दचकले. जरा भडकच वाटली. आता ती हवीहवीशी वाटते. प्रश्न १३ मध्ये सांगितलेला उपाय केला, दहा हातांनी ऐकला, आणि पहिल्या कॅसेटची पकड सुटली. पूर्ण नाही. ती चढण आली की अजूनही माझा उजवा हात बटणाकडे जातो, कॅसेट उलटायला.